जपानचा लांडगा: देवासारखा पुजला, तरी संपला

जपानमध्ये आज जंगलात एकही लांडगा नाही. होन्शू, शिकोकू, क्युशू या बेटांवरचा होन्शू लांडगा म्हणजे खांद्यापाशी जेमतेम दोन फुटांचा, आणि उत्तरेला होक्काइडोवर त्याचा आडदांड भाऊबंद एझो लांडगा, दोन्ही उपजाती गेल्या. माणसानं मारून संपवल्या असं एका वाक्यात सांगून मोकळं होतात, पण ते अर्धवट आहे, कारण होन्शूचा शेतकरी तर याची पूजा करायचा.

हरणं आणि रानडुकरं पिकाचा फडशा पाडायची आणि लांडगा त्यांना खायचा, म्हणजे शेताचा फुकटचा राखणदारच की. चिचिबूच्या डोंगरात मित्सुमिने देवस्थान आहे, तिथं आजही दारात दगडी लांडगे बसलेत आणि लांडग्याचं चित्र छापलेला कागद लोक आग नि चोरीपासून राखण म्हणून घरी नेतात.

मग 1732 च्या सुमारास पश्चिमेकडून रेबीज पसरत आला, पिसाळलेले लांडगे माणसांना चावायला लागले, आणि माझ्या मते सगळं तिथंच फिरलं, ज्याच्यासाठी नैवेद्य ठेवायचे त्याच्याच मागे लोक भाले-बंदुका घेऊन लागले. पुढे जंगलं तुटली, कुत्र्यांचे रोग लागले. होक्काइडोत तर 1868 नंतरच्या मेइजी सरकारनंच मनावर घेतलं. नीकाप्पूच्या घोड्यांच्या फार्मवर लांडगे शिंगरं मारायचे, म्हणून ओहायोहून आणलेल्या एडविन डननं मांसात स्ट्रिकनीन हे जहाल विष घालून ठेवायला लावलं, वर मारणाऱ्याला सरकारी बक्षीस. तिथले मूळचे आयनू लोक लांडग्याला देव मानत, त्यांना कोण विचारतंय! 1889 च्या आसपास एझो लांडगा संपला.

होन्शूचा शेवटचा पक्का पुरावा जानेवारी 1905 चा, नारा भागातल्या वाशिकागुची गावचा. ड्यूक ऑफ बेडफर्डच्या मोहिमेसाठी प्राणी गोळा करणारा अमेरिकन माल्कम अँडरसन तिथं उतरला होता, शिकारी मेलेला लांडगा घेऊन आले, भाव पटेना म्हणून निघून गेले, परत आले आणि साडेआठ येनला देऊन गेले. एवढ्या थंडीतही लांडग्याचं पोट कुजून निळसर पडायला लागलं होतं. कातडं आणि कवटी लंडनच्या म्युझियमला गेली.

जपानमध्ये मागे उरलेले नमुने बोटांवर मोजण्याएवढे, त्यामुळे 2024 चा शोधनिबंध वाचून फार बरं वाटलं: त्सुकुबाच्या म्युझियमच्या गोदामात रानकुत्रा अशा नोंदीखाली पडून असलेला पेंढा भरलेला प्राणी एका शाळकरी मुलीच्या नजरेत भरला, आणि तिच्यासह संशोधकांनी तपासल्यावर तो बहुधा होन्शू लांडगाच निघाला.