फूड, गुड आणि ब्लड: स्पेलिंग जुळणं वेगळं, यमक जुळणं वेगळं

मी कळव्याला घरी शिकवण्या घेते. गेल्या आठवड्यात तिसरीतली एक मुलगी शाळेची वर्कशीट घेऊन आली. 'फूड'शी यमक जुळणारे शब्द निवडायचे होते. तिने 'गुड' आणि 'ब्लड'वर खूण केली होती, 'रूड' सोडून दिला होता, आणि बाईंनी दोन लाल फुल्या मारल्या होत्या. "ताई, फूड, गुड, ब्लड, तिन्हींच्या शेवटी डबल ओ आणि डी आहे. रूडमध्ये डबल ओ नाहीच. मग माझं चुकलं कुठे?"

तिचं उत्तर चुकलं होतं, पण विचार मला अगदी सरळ वाटला. आपण मराठीत यमक अक्षरांवरूनच शिकतो आणि शिकवतो. ओळीच्या शेवटी तीच अक्षरं पुन्हा आली की यमक. मराठीत हे चालतं, कारण आपलं अक्षर म्हणजेच उच्चार. 'पाणी' आणि 'राणी' डोळ्यांना जुळतात तसेच कानांनाही जुळतात. अपवाद आहेत, नाही असं नाही. 'हे जग' मधला 'जग' आणि 'सुखाने जग' मधला 'जग' एकसारखे लिहितो, पण 'ज' वेगळा उच्चारतो. पण असे शब्द थोडे. मुलांना एकदा सवय लागली की ती डोळ्यांवर विश्वास ठेवतात, आणि तोच विश्वास घेऊन इंग्रजीत जातात.

इंग्रजीत मात्र या दोन सर्वस्वी वेगळ्या गोष्टी आहेत. स्पेलिंगचा शेवट जुळणं ही डोळ्यांची गोष्ट. यमक, म्हणजे राइम, ही फक्त कानांची. नियम असा: शब्दात ज्या स्वरावर जोर येतो, त्यातल्या शेवटच्या अशा स्वरापासून पुढचं सगळं सारखं ऐकू आलं पाहिजे, आणि त्या स्वराच्या आधीचा आवाज वेगळा पाहिजे. हा नियम आपल्या कानाला परका नाही. 'पाणी'ला 'गाणी' जशी छान जुळते तशी 'लोणी' जुळत नाही, कारण शेवटचं 'णी' एक असलं तरी आधीचा 'आ' हरवला. तसंच 'टीचर'ला 'फीचर' जुळतो, 'डॉक्टर' नाही. आणि टीचर, फीचर यांची स्पेलिंगं शेजारी ठेवून पाहा, शेवटची अक्षरं कितीशी सारखी आहेत?

मी तिला पाटी दिली आणि सांगितलं, इंग्रजी स्पेलिंग विसर, शब्द कसा ऐकू येतो तसा देवनागरीत लिही. तिने फूड लिहिलं, खाली रूड, मग मूड. दुसऱ्या ओळीत गुड, वुड, शुड. तिसऱ्या ओळीत ब्लड, फ्लड, मड, बड. लिहिता लिहिताच तिला कळलं. पहिल्या ओळीत दीर्घ ऊकार, दुसऱ्यात ऱ्हस्व उकार, तिसऱ्यात नुसता अ. मग अर्थ सांगितले: रूड म्हणजे उद्धट, वुड म्हणजे लाकूड, फ्लड म्हणजे पूर, मड म्हणजे चिखल, बड म्हणजे कळी. मूड तिला आधीच माहीत होता. शुडचं स्पेलिंग दाखवलं तेव्हा ती चक्रावली. एस-एच-ओ-यू-एल-डी, त्यातला एल मुका, आणि तरी तो गुडच्या ओळीत शोभून दिसतो.

"पण मग तिघांना सारखं स्पेलिंग दिलं कशाला?" हा तिचा पुढचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर मला स्वतःला फार आवडतं. कारण कधी काळी हे तिन्ही शब्द खरोखरच यमकात होते. जुन्या इंग्रजीत तिघांतही आपल्या 'ओ'सारखा लांब स्वर होता. साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीचे दीर्घ स्वर सरकले आणि तो 'ओ' 'ऊ' झाला. फूड तिथेच थांबला. ब्लड आणि फ्लड यांचा 'ऊ' लवकर आखूड झाला आणि पुढे 'अ'कडे घसरला. गुडचा 'ऊ' उशिरा आखूड झाला, म्हणून तो 'उ'वरच राहिला. या सगळ्या उलथापालथीच्या मधेच, १४७६ मध्ये, विल्यम कॅक्स्टनने इंग्लंडमध्ये पहिला छापखाना सुरू केला. छापलेली स्पेलिंगं पुढे हळूहळू पक्की होत गेली, उच्चार मात्र बदलत राहिले. ज्याला आपण चुकीचं स्पेलिंग म्हणतो तो खरं तर जुना उच्चार आहे, कागदावर राहून गेलेला. हे कळल्यापासून मला इंग्रजी स्पेलिंगचा राग येत नाही.

यासाठी पुस्तकच लागतं असं नाही. आमच्या इथे पाट्या पुरतात. घोडबंदर रोडवरचा 'रोड' घ्या. आर-ओ-ए-डी. याला 'कोड' जुळतो, 'मोड' जुळतो, स्पेलिंग वेगळं असूनही. पण सुरुवातीला एक 'बी' लावून 'ब्रॉड', म्हणजे रुंद, केला की यमक तुटतं. ब्रॉडचा जोडीदार 'फ्रॉड'. दुसरी जोडी टॉवरची. ठाण्यात जिकडे बघाल तिकडे टॉवर, त्यामुळे हा शब्द मुलांना पाठ असतो. टॉवर, पॉवर, शॉवर एका माळेतले. पण 'लोअर परळ'मधला 'लोअर', शेवटी तंतोतंत तेच ओ-डब्ल्यू-ई-आर असूनही, त्या माळेत बसत नाही. आणि स्वयंपाकघरातला 'स्टोव्ह' ना 'लव्ह'शी जुळत, ना 'मूव्ह'शी. तिन्हींच्या शेवटी ओ-व्ही-ई.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची, आणि मुलं तिथे जास्त गुण घालवतात असा माझा अनुभव आहे. बर्ड, वर्ड, हर्ड. पक्षी, शब्द, ऐकलं. पहिल्यात आय, दुसऱ्यात ओ, तिसऱ्यात ई-ए, आणि तिन्ही पक्क्या यमकात. डोळ्यांवर विसंबणारं मूल हे शब्द शेजारी ठेवणारच नाही. 'वर्ड'शेजारी ते 'लॉर्ड' ठेवेल, कारण तिथे ओ-आर-डी दिसतं.

देवनागरीत लिहून पाहण्याच्या युक्तीला एक मर्यादा आहे, ती पालकांनी लक्षात ठेवावी. आपण बोलतो तोच उच्चार पाटीवर उतरतो. आपण सगळे 'कफ सिरप' म्हणतो. मग मूल 'कफ'शेजारी 'रफ' आणि 'टफ' लिहितं. दोन्हींच्या शेवटी ओ-यू-जी-एचसुद्धा असतं, म्हणजे डोळे आणि कान दोघेही हो म्हणतात. पण खोकल्याचा इंग्रजी शब्द 'कॉफ' आहे आणि त्याचं यमक 'ऑफ'शी जुळतं. आपला 'कफ' संस्कृतातून आलेला, छातीत साठतो तो. इंग्रजी 'कफ' तिसराच, शर्टाच्या बाहीचा. म्हणून आधी शब्दकोशात उच्चार ऐकावा, मग लिहावं. मोबाइलवर शब्दाशेजारी स्पीकरचं चिन्ह असतं, तेवढं दाबलं तरी पुरतं.

आणखी एक गोंधळ थोडक्यात. 'सन' म्हणजे सूर्य आणि 'सन' म्हणजे मुलगा, स्पेलिंग वेगळं पण उच्चार अगदी एकच. याला समोच्चारी शब्द म्हणतात, राइम नाही, कारण आधीचा आवाजही बदलत नाही. वर्कशीटमध्ये 'सन'ला 'सन' लिहिलं तर फुली मिळते, ती बरोबर आहे.

शनिवारी ती मुलगी पुन्हा आली तेव्हा तिने वहीच्या मागच्या पानावर स्वतः ओळी पाडल्या होत्या. पहिलीत वन, डन, सन. दुसरीत बोन, स्टोन, फोन. तिसरीत एकटाच 'गॉन' होता, आणि पुढे तिने पेन्सिलने मोठं प्रश्नचिन्ह काढलं होतं. "ताई, वन, बोन, गॉन, सगळ्यांना ओ-एन-ई. पण हा कुणाच्याच घरी जात नाही." आम्ही दोघींनी मिळून शोधलं. शेवटी तीच म्हणाली, "ऑन!"