फोरम थिएटर आणि शाळकरी मुलांची ऑनलाइन सुरक्षा (सोलापूर)

फोरम थिएटर म्हणजे असं नाटक की जे बघणाऱ्यांपैकीच कुणीतरी "थांबा" म्हणून मधेच अडवतं आणि पुढचं स्वतः करून दाखवतं. शाळेतल्या पोरांना ऑनलाइन फसवणूक, फोटोवरून ब्लॅकमेल, अनोळखी माणसाशी चॅटिंग असले विषय समजवायला हा प्रकार भाषणापेक्षा बरा, कारण ओटीपी कुणाला द्यायचा नाही हे पोरांना पाठच असतं, गाडी अडते ती ऐन वेळेला.

हा प्रकार ब्राझीलचे रंगकर्मी ऑगस्टो बोआल (१९३१–२००९) यांनी रुजवला. आधी त्यांच्या नाटकात प्रेक्षक फक्त सुचवायचे आणि नट तसं करायचे, पण पेरूमधे एका बाईला नटाने केलेलं काही केल्या पटेना, तेव्हा बोआलनी तिलाच स्टेजवर बोलावलं, अशी गोष्ट ते स्वतः सांगायचे. आपल्याकडे भारुडात किंवा तमाशातल्या सोंगाड्याने समोरच्या माणसाला बोलण्यात ओढणं काही नवीन नाही, फक्त तिथे प्रेक्षक गोष्टीचा शेवट बदलत नाही, इथे बदलतो.

दहा-पंधरा मिनिटांचा प्रसंग मुद्दाम वाईट शेवटाचा बसवतात. सोलापूरच्या पूर्व भागातल्या शाळेसाठी समजा असा: आठवीतला पोरगा, आई घरी विड्या वळते, वडील यंत्रमागावर, घरात मिळून फोन एकच. गेमचे डायमंड फुकट म्हणून लिंक येते, पोरगा आईच्या फोनवर आलेला ओटीपी टाकतो, पैसे जातात. मोठा भाऊ विचारतो, "काय करालास बे फोनवर?" पोरगा म्हणतो काही नाही, आणि मेसेज डिलीट करून गप्प बसतो. एवढंच. मग तोच प्रसंग परत सुरू होतो आणि ज्याला वाटेल त्याने उठून पोराच्या जागी यायचं. नियम एक, जागा अडचणीतल्या माणसाची घ्यायची, फसवणाऱ्याला एकदम सज्जन करून टाकायचं नाही, तसं कुणी केलं तर ती "जादू" झाली म्हणून बाकीची पोरं ओरडतात.

पहिले दोन-चार जण "ब्लॉक करतो" म्हणूनच येतील. इथे सूत्रधाराने (बोआल त्याला जोकर म्हणतात) टोकायचं की ब्लॉक केलंस बरं केलंस, पण गेलेल्या पैशांचं काय, आईला कोण सांगणार? मला विचाराल तर खरं नाटक इथून सुरू होतं. फोन काढून घेतील या भीतीनेच पोरं लपवतात आणि वेळ जातो, आणि पैशांच्या फसवणुकीत वेळच महत्त्वाचा, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर जितक्या लवकर फोन जाईल तितकी पैसे पुढे सरकायच्या आत अडवायची शक्यता जास्त. म्हणून आईला सांगायचा सीन चार-पाच पोरांनी वेगवेगळा करून बघावा. मुलांच्या कुठल्याही अडचणीसाठी १०९८ आहे, तोही नंबर यात बसतो.

एक पथ्य मात्र कडक. वर्गातल्या कुणाची खरी घटना स्टेजवर आणायची नाही. प्रयोगानंतर एखादं मूल बाजूला येऊन लैंगिक त्रासाबद्दल काही बोललं तर ते सगळ्यांसमोर उकरायचं नाही, पण दाबायचंही नाही, २०१२ च्या पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या) कायद्याप्रमाणे अशी माहिती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, शिक्षकालासुद्धा.

सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहासारखं मोठं स्टेज लागत नाही, उलट नकोच, शेवटच्या रांगेतलं लाजरं पोर तिथपर्यंत चालत येईस्तोवर त्याचा धीर सुटतो. शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी आणि भोवती गोल बसलेली पोरं, पुरे. भाषेचं मात्र बघावं लागतं, सोलापुरात कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या कन्नड, कुणाच्या उर्दू, आणि आईची बोलणी मराठीत खाल्ली तर ती खरी वाटत नाहीत. नटीला तेलुगू येत नसेल तर वर्गातल्याच एखाद्या पोरीला आई करायचं, ती खऱ्या आईपेक्षा जास्तच ओरडते.