शाळेचा फॉर्म शाळेतच भरून आणा
(ऑटिझम व एडीएचडी तपासणीसाठी येणाऱ्या पालकांना)

फोनवर रोज एकच प्रश्न असतो : "मॅडम, एका दिवसात रिपोर्ट मिळेल काय? खानापूरहून येतोय, सारखं जमणार नाही." एका दिवसात मिळत नाही. तीन वेळा यावं लागतं.

ऑटिझम (बोलण्या-मिसळण्यातला वेगळेपणा) किंवा एडीएचडी (लक्ष न टिकणं, अति चंचलपणा) रक्त तपासून कळत नाही, स्कॅनमध्ये दिसत नाही. पहिल्या दिवशी आईवडिलांशी बोलणं होतं : मूल कधी बोलायला लागलं, हाक मारली की वळून बघायचं काय. लहानपणी आज्जीनं सांभाळलं असेल तर आज्जीलाही आणा, तिला बरंच आठवतं. दुसऱ्या दिवशी आम्ही मुलाबरोबर बसतो. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट हातात देऊन तो मराठीत किंवा कन्नडमध्ये समजावून सांगतो.

आता जिथं सगळ्यांचा वेळ जातो ते सांगते. एडीएचडी म्हणायचं तर लक्षणं बाराव्या वर्षाच्या आधीपासूनची हवीत, निदान सहा महिने टिकलेली हवीत आणि किमान दोन ठिकाणी दिसायला हवीत. घर हे एक ठिकाण, शाळा दुसरं. म्हणून पालकांसाठी एक आणि शिक्षकांसाठी वेगळा फॉर्म देतो, आणि नेमका तोच लोक घरी बसून भरून आणतात. आम्हाला लगेच कळतं. दोन्ही फॉर्मवर तीच शाई, ओळीनं 'नेहमी'वर खुणा आणि खाली बाईंची घाईतली सही. एका फॉर्मवर 'जागेवरून उठतो' या ओळीपुढं लिहिलं होतं, 'टीव्ही बघतानासुद्धा'. बाईंना घरचा टीव्ही कुठून दिसला?

शाळेत कळलं तर पटावरून नाव काढून टाकतील, ही भीती समजते. पण आमच्या फॉर्मवर आजाराचं नाव नसतं, फक्त वर्गातल्या वागण्याचे प्रश्न असतात. कन्नड, मराठी, इंग्लिश, तिन्ही भाषांत छापलाय. बाईंनी भरून पाकीट चिकटवून द्यायचं, तुम्ही उघडायचं नाही. घरी भरलेला फॉर्म आम्ही परत करतो, मग जूनची तपासणी गणपतीपर्यंत लांबते.

भाषेचंही सांगायला हवं. आपल्याकडं घरात मराठी, गल्लीत कन्नड, वर्गात इंग्लिश. वर्गात गप्प बसणारं पोरगं आज्जीशी तासभर भांडत असेल, तर नुसत्या वर्गातल्या गप्प बसण्यावरून आम्ही काही ठरवत नाही. मूल ज्या भाषेत मोकळं बोलतं, त्याच भाषेत बसतो. हे सगळीकडं होत नाही, म्हणून आमच्याकडं वेळ जास्त लागतो.

आमचा रिपोर्ट म्हणजे सरकारी प्रमाणपत्र नव्हे. २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, एडीएचडी नाही. ऑटिझमचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) सरकारी रुग्णालयामार्फतच मिळतं, तिथं दाखवायला रिपोर्ट जपून ठेवा. औषध आम्ही देत नाही, ते मनोविकारतज्ज्ञांचं काम. रिपोर्ट कुठल्याही मानसशास्त्रज्ञाकडून घ्या, पण सहीखाली भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक आहे काय ते बघा. आमचा भिंतीवरही लावलाय.

एप्रिल-मेच्या सुट्टीत यायचं असेल तर फॉर्म मार्चमध्येच घेऊन जा, सुट्टीत शिक्षक सापडत नाहीत. फॉर्मचे पैसे नाहीत.