पाणी हळू फिरवलं की ग्राफिक्स कार्ड जास्त थंड राहतं? अजिबात नाही
ग्राफिक्स कार्डला वॉटर ब्लॉक (चिपवर बसणारा, आतून पाणी फिरणारा धातूचा ठोकळा) बसवताना हमखास ऐकायला मिळतं की पंप स्लो ठेवा, पाण्याला उष्णता घ्यायला वेळ मिळतो. हे चूक आहे हो. लूपमध्ये, म्हणजे पंप, ब्लॉक आणि रेडिएटरच्या बंद चक्रात, तेच पाणी फिरत असतं, ब्लॉकमध्ये जास्त वेळ थांबलं तर तेवढंच जास्त तापतं आणि तापलेलं पाणी उष्णता कमी ओढतं. आरटीएक्स ४०९० या ग्राफिक्स कार्डची ४५० वॅट उष्णता धरा, मिनिटाला १ लिटर पाणी फिरलं तर ते साधारण साडेसहा डिग्री तापून बाहेर येतं, ४ लिटरला फक्त दीडेक डिग्री. अर्थात एका मर्यादेनंतर फरक अगदी थोडा पडतो, पंपाचा आवाज मात्र वाढतो. तरीही टेम्परेचर जास्त दिसत असेल तर आधी कार्ड आणि ब्लॉकच्या मधली थर्मल पेस्ट (उष्णता पोचवणारा लेप) आणि थर्मल पॅडची (तेच काम करणाऱ्या मऊ पट्टीची) जाडी बघा.