पिटबुलचा जबडा ‘लॉक’ होत नाही

पिटबुलने एकदा धरले की त्याचा जबडा कुलूपबंद होतो, ही गोष्ट लोक इतक्या ठामपणे सांगतात की ती खोडून काढणाराच हट्टी वाटतो. खरे तर त्याच्या जबड्याची रचना इतर कुत्र्यांसारखीच असते, कुलूपबिलूप काही नसते. धरलेले न सोडण्याची चिकाटी मात्र खरी आहे, आणि ती माणसानेच पैदा केली आहे. इंग्लंडमध्ये बैलांवर कुत्री सोडण्याचा खेळ १८३५ साली कायद्याने बंद झाला. मग शौकीन कुत्र्यांच्या झुंजींकडे वळले आणि बुलडॉग व टेरिअर यांच्या संकराला जोर आला. आजचे पिटबुल त्यांचेच वंशज.

ही पैदास कुत्र्याशी लढण्यासाठी होती. माणसावर धावून जाणे ही वेगळी प्रवृत्ती आहे. २००८ साली मालकांच्या प्रश्नावल्यांवरून झालेल्या एका अभ्यासात पिटबुल दुसऱ्या कुत्र्यांशी अधिक आक्रमक आढळले, पण माणसांवर चिडण्यात डॅक्सहुंड आणि चिवावा या छोट्या जाती आघाडीवर होत्या. चिवावाच्या चाव्याची बातमी होत नाही, एवढेच!

२०२२ साली ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात आलेल्या संशोधनात १८ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांनी माहिती दिली होती आणि दोन हजारांहून अधिक कुत्र्यांची जनुके तपासली होती. कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम ९ टक्के जातीमुळे असतो, असे त्यातून दिसले. शिवाय जात तरी ओळखू येते का? अमेरिकेत फ्लोरिडातल्या कुत्र्यांच्या निवारागृहांत कर्मचाऱ्यांनी ‘पिटबुल’ म्हणून नोंदवलेल्या अनेक कुत्र्यांच्या डीएनएत पिटबुल गटातल्या जातींचा मागमूसही नव्हता.

तरीही ‘हा तर मुलांची आया’ असले कौतुक मला पटत नाही. तापट चिवावा चावला तर बहुधा मलमपट्टीवर भागते. भारदस्त, पिळदार कुत्र्याच्या चाव्याने अंगाचे लचके निघू शकतात. स्वभाव गरीब असला तरी ताकद जात नाही, आणि मालकाला हिशेब धरायचा असतो तो ताकदीचा.

पिल्लू तीन ते चौदा आठवड्यांचे असताना त्याला माणसे, आवाज, शांत कुत्री यांची ओळख झाली पाहिजे. नंतर तेच काम फार जड जाते. शिकवताना खाऊ द्यावा, मारू नये. गुरगुरल्याबद्दल तर कधीच मारू नये, कारण गुरगुर हा इशारा आहे. तो दाबला की कुत्रा पुढच्या वेळी न सांगता चावू शकतो. लहानपणी सगळ्यांशी खेळणारे पिल्लू दोन-तीन वर्षांचे झाल्यावर इतर कुत्र्यांना खपवून घेईनासे होऊ शकते. त्यामुळे बाहेर पट्टा हवाच, मुसक्याची सवयही आधीपासून लावावी. घरात दोन कुत्री असतील तर कुणी नसताना ती वेगवेगळ्या खोल्यांत ठेवावीत. आणि शांत कुत्रा एकाएकी चिडू लागला तर प्रशिक्षकाआधी पशुवैद्य गाठावा; दुखरा कान किंवा सांधा हेही त्याचे कारण असू शकते.