एस्पोसितो : नेपल्सच्या भिंतीतून आलेलं आडनाव

इटलीतल्या सगळ्यात कॉमन आडनावांची कुठलीही यादी काढा, रोस्सी, रुस्सो, फेर्रारी ही वर असतात आणि त्यांना खेटूनच एस्पोसितो येतं. पहिल्या दोघांचा अर्थ तांबूस केसांचा किंवा वर्णाचा, तिसरा लोहार, म्हणजे आपल्याकडचे काळे, गोरे, लोहार तसंच, त्यात उलगडून सांगण्यासारखं फार नाही. एस्पोसितोचं तसं नाही. ते कुणाच्या रंगावरून, धंद्यावरून, गावावरून आलेलं नाही, ते एका रजिस्टरमधल्या नोंदीवरून आलंय.

उच्चाराचं आधी सांगतो कारण आपल्याकडे सगळे 'सि'वर जोर देतात. जोर 'पो'वर आहे. उत्तर इटलीत एस्पोझितो ऐकू येतं, नेपल्सकडे स्वच्छ एस्पोसितो, आणि हे नाव मुळात नेपल्सचं असल्यामुळे मी त्यांचंच धरतो.

आता अर्थ, आणि इथेच सगळा घोळ आहे. इंग्रजीतला एक्स्पोज डोक्यात असल्यामुळे 'उघडा पडलेला' असं काहीतरी लोक धरून चालतात. लॅटिन शब्द एक्सपोसितुस, एक्स म्हणजे बाहेर आणि पोसितुस म्हणजे ठेवलेला. बाहेर ठेवलेलं मूल. आईबापांनी देवळाच्या, मठाच्या दारात ठेवून दिलेलं. याच्या शेजारीच दुसरा शब्द आहे, प्रोयेत्तो, तो लॅटिनमधल्या 'फेकलेला' वरून येतो आणि रोमकडचं प्रोयेत्ती हे आडनाव त्यातूनच निघालं. मराठीत आपण सरसकट 'टाकलेलं पोर' म्हणतो, पण 'ठेवलेलं' आणि 'टाकलेलं' यात जमीनअस्मानाचा फरक आहे आणि नेपल्सने आडनावासाठी पहिला शब्द घेतला ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सरकारी कागदात तिथेही पुढे प्रोयेत्तो हाच शब्द चालायचा, म्हणजे दप्तरात 'टाकलेला' आणि हाक मारायला 'ठेवलेला'.

बाकी शहरांनी आपापलं केलं. फ्लॉरेन्सला १४४५ मध्ये निष्पाप बालकांच्या नावाने आश्रम उघडला, तिथून इन्नोचेंती आणि नोचेंतीनी आली. बोलोन्यात देल्यी एस्पोस्ती. मिलानच्या मोठ्या हॉस्पिटलच्या चिन्हात कबुतर होतं म्हणून तिथली पोरं कोलोंबो झाली, आजही मिलान भागात कोलोंबो ढिगाने सापडतात (जिनोव्हाचा दर्यावर्दी कोलंबस वेगळा, त्याच्या नावावरून तसला निष्कर्ष काढू नका).

नेपल्समधली जागा म्हणजे फोर्चेल्ला भागातलं आनुन्त्सियाता. चर्च, हॉस्पिटल, अनाथाश्रम सगळं एकात. रस्त्याकडच्या भिंतीत एक चौकोनी भोक, आत लाकडी पिंप उभं, एका बाजूने उघडं आणि स्वतःभोवती फिरणारं. बाहेरून मूल आत ठेवायचं, पिंप फिरवायचं, आत रात्रंदिवस बसलेली बाई ते उचलून घ्यायची, कोण आलं होतं ते तिला दिसत नाही आणि दिसू नये अशीच ती रचना. भोक मुद्दाम लहान ठेवलेलं, तान्हं बाळच मावेल एवढं, तरी जरा मोठी पोरंसुद्धा अंगाला तेल चोपडून आत सरकवायचे असं तिथे सांगतात. मग रजिस्टर. तारीख, वेळ, अंगावर काय कपडे, अंगावर काही खूण. गळ्यात शिशाचं पदक, त्यावर मॅडोना, म्हणजे येशूची आई मेरी. म्हणून या पोरांना मॅडोनाची लेकरं म्हणायचे. काहींच्या कपड्यात अर्धं कापलेलं पदक किंवा अर्धी चिठ्ठी निघायची, दुसरा अर्धा आईकडे, म्हणजे कधीतरी परत येऊन जुळवता येईल. ही सगळी पोरं लग्नाबाहेरची होती हा समज तर पार चुकीचा आहे, कितीतरी लग्न झालेल्या पण खायला नसलेल्या घरांतली होती, दुष्काळाच्या नाहीतर साथीच्या वर्षात आकडा वाढायचा तो काय उगाच?

बरीच पोरं वर्षाच्या आतच जायची. जी टिकली ती आसपासच्या खेड्यांत दूध पाजणाऱ्या बायकांकडे पाठवली जायची, काही तिथेच रुजली, म्हणून हे आडनाव शहरापुरतं न राहता नेपल्सभोवतालच्या अख्ख्या कंपानिया प्रांतात पसरलं. मुलींना आश्रम हुंडा द्यायचा, पण मूल बापाचं आडनाव लावणार त्यामुळे मुलींकडचं एस्पोसितो एका पिढीत संपायचं. आज जे एस्पोसितो दिसतात ते जगलेल्या मुलग्यांच्या वंशातले.

आता ज्या निर्णयावर अजून वाद घातला जातो तो. १८१० च्या दशकात नेपल्सवर फ्रेंच राजवट होती, नागरी जन्मनोंदणी त्यांनीच १८०९ मध्ये सुरू केलेली, आणि त्याच राजवटीने सापडलेल्या मुलांना एस्पोसितो आडनाव द्यायला बंदी घातली. कारण चांगलंच होतं, नाव ऐकलं की जन्माची गोष्ट कळते, सोयरीक अडते, नोकरी अडते, तो डाग पुसायचा. त्या राजवटीचा राजा म्युरा १८१५ ला गोळ्या घालून मारला गेला, जुनं घराणं परत आलं, पण नोंदणीची फ्रेंच पद्धत त्यांनी ठेवली आणि एकच ठरीव नाव न देण्याची रीतही पडून गेली. मिलाननेही १८२५ च्या सुमारास सरसकट कोलोंबो देणं थांबवलं.

मग झालं काय, तर सापडलेलं मूल नोंदीला आणलं की कारकून तिथल्या तिथे एखादं आडनाव रचायचा. वारावरून, महिन्यावरून, जागेवरून, त्याला त्या क्षणी जे सुचेल ते. गावात दुसरं कुणीच ते नाव लावत नाही म्हटल्यावर लोकांना कळायचंच की हे कुठून आलं. डाग गेला नाही, फक्त प्रत्येकाचा वेगळा झाला. बंदीच्या बाजूने बोलणारे म्हणतात निदान सरकारने शिक्का मारणं तरी बंद केलं, आणि ते खोटं नाही. पण माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं. आधी निदान हजारो जण एकच नाव लावत होते, एका आश्रमाची पोरं म्हणून एकमेकांना ओळखत होते, बंदीनंतर आलेलं मूल त्यातूनही सुटं पडलं. स्पेनच्या राजाने १७९४ लाच एक वेगळा मार्ग धरला होता, तिकडचं याच अर्थाचं एक्सपोसितो हे नाव तसंच राहू दिलं आणि फर्मान काढलं की ही मुलं कायद्याने औरस धरायची, त्यांना अनौरस म्हणून हिणवणाऱ्याला शिक्षा. शब्दाला हात न लावता शिवी देणाऱ्याला धरणं, हे मला जास्त योग्य वाटतं.

नेपल्सचं ते फिरतं पिंप, तिकडच्या भाषेत 'चाक', १८७५ मध्ये बंद झालं, देशभरातली पद्धत कायद्याने जायला १९२३ उजाडलं. तोपर्यंत एस्पोसितो बोटीत बसून न्यूयॉर्कला, ब्युनोस आयर्सला पोचले होते. अमेरिकेत उच्चारात जोर 'सि'वर गेला. एका गाजलेल्या अमेरिकन मालिकेत चिकनची दुकानं चालवणारा शांत खलनायक ज्याने केला त्याचं खरं आडनाव हेच, वडील नेपल्सचे. १८८९ ला राणी मार्गेरितासाठी टोमॅटो, मोझरेला आणि तुळशीच्या जातीची पानं घालून पिझ्झा केला अशी गोष्ट ज्याच्या नावावर सांगतात तोही एस्पोसितोच. त्या गोष्टीच्या खरेपणाबद्दल अभ्यासक शंका घेतात, पण आडनावाबद्दल नाही, नेपल्सच्या पिझ्झावाल्याचं ते असणं अगदी स्वाभाविक होतं.

अलीकडचं बघायचं तर २०२२ मध्ये इटलीच्या घटनात्मक कोर्टाने बापाचं आडनाव आपोआप लावणं घटनाबाह्य ठरवलं, आता आईबाप वेगळं काही ठरवत नाहीत तर दोघांचीही आडनावं लागतात. म्हणजे एस्पोसितो आईकडूनही पुढे जाणार, जे शतकानुशतकं होत नव्हतं. आणि २००० सालच्या नोंदणीच्या नियमांत अजून एक कलम आहे, आईबाप माहीत नसलेल्या मुलाला त्याचा जन्म ओळखू येईल असं नाव किंवा आडनाव देता येत नाही. त्या कलमाखाली आज नेपल्समध्ये दारात सापडलेल्या बाळाला हे नाव देणं अवघडच. फोर्चेल्लाच्या गल्ल्यांत मात्र घराघरांच्या बेलवर तेच लिहिलेलं आहे, आणि आनुन्त्सियातामधलं ते भोक आणि पिंप आजही जाऊन बघता येतं.