जीन थेरपीने सिकलसेल पुढच्या पिढीतूनही नाहीसा होतो का?

जीन थेरपी घेतली की सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार घराण्यातूनच नाहीसा होतो, हा समज चुकीचा आहे. २०२३ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झालेल्या कॅसजेव्ही उपचारात रुग्णाच्या रक्ताच्या मूळपेशी बाहेर काढतात, विजेच्या सूक्ष्म झटक्याने त्यांत क्रिस्परची (जनुक कापणाऱ्या तंत्राची) कात्री सोडतात आणि केमोथेरपीनंतर त्या परत देतात. सिकलसेलचं जनुक यात दुरुस्त होतच नाही! गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन दाबून ठेवणाऱ्या बीसीएल११ए जनुकाचं काम रक्तपेशींत मंदावतं, म्हणून ते हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागतं आणि त्रास कमी होतो. बीजांडं, शुक्राणू जसेच्या तसे राहतात. त्यामुळे त्रास थांबलेल्या रुग्णाकडूनही सदोष जनुक मुलांकडे जातं. सिकलसेल जास्त आढळणाऱ्या गडचिरोली-नंदुरबारच्या कुटुंबांनी लग्नाआधी जोडीदाराची रक्ततपासणी कृपया टाळू नये. दोघांकडूनही ते जनुक आलं, तर मुलाला आजार होतो.